टाकीतली तात्पुरती नाडी

४ मार्च, सकाळ

...दूध गॅसवर होतं, मशीनमधले निम्मे कपडे दोरीवर गेले होते, निम्मे बादलीत होते, मी एका हातात झाडू धरून दुसऱ्या हाताने गॅस बारीक करत होते, आणि हे संडासातून ओरडले, "अगं, फ्लशची साखळी तुटली! दोरी आण!" म्हटलं, दोरीवर कपडे आहेत. "मग सुतळी आण!" सुतळी संपली होती. त्यावर आतून नुसती खुडबुड ऐकू आली. मग दार उघडलं. हे एका हाताने पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा कमरेशी धरून उभे. दुसरा हात कोपरापर्यंत ओला. "झालं काम," म्हणाले. "पायजम्याची नाडी काढून बांधली. तात्पुरतं." तेवढ्यात दूध उतू गेलं.

त्याला बरीच वर्षं झाली. हे मागच्या वर्षी गेले. पायजमा कपाटात आहे. नाडी टाकीत आहे.

आज आठवायचं कारण, टाकी सूं करायला लागली. आतलं पाणी बारीक धारेने कमोडमध्ये वाहतंय, आणि टाकी भरतेय, भरतेय, भरतच नाहीये. काळजीचं काही नाही. रविवारपर्यंत निकाल लावते.

आमच्या फ्लशची रीत लिहून ठेवते, वही आहेच समोर तर. दांडी दाबायची. पाणी गेलं की दांडी बोटाने जरा वर उचलायची. मग टाकीच्या झाकणावर एक थाप मारायची. थाप हवीच. पाहुणे आत गेले की हे दाराबाहेर उभे राहून सूचना द्यायचे. माझा मोठा दीर एकदा म्हणाला, "तुमच्याकडे संडासला जायचं म्हणजे विमान उडवल्यासारखं आहे."

४ मार्च, दुपार

लेकीचा फोन. बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "आई, कसला आवाज येतोय गं?"

म्हटलं, टीव्ही.

"टीव्हीवर काय पाणी वाहतंय?"

म्हटलं, नदीवर कार्यक्रम आहे.

मग तिने तोच विषय काढला. तू एकटी, घर जुनं, तुला झेपत नाही, आमच्याकडे खोली रिकामी आहे. मी नेहमीचं उत्तर दिलं. तिने नेहमीचा सुस्कारा टाकला. पण आज पुढे म्हणाली, "मी तेवीसला येतेय. घर मला जागेवर दिसलं तर पुन्हा कधी हा विषय काढणार नाही. नाही दिसलं, तर तू सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल," म्हटलं. न कबूल करायला झालंय काय? एक टाकी सूं करतेय एवढंच.

खोली चांगली आहे त्यांची. मी पाहिलीय. जावयांनी माझ्यासाठी पलंगही घेऊन ठेवलाय. तिथल्या फ्लशला बटण आहे, नुसतं बोट टेकवलं की काम होतं. त्यात माणसाने करायचं काय?

५ मार्च

संकल्प. प्लंबर बोलवायचा नाही. स्वतः शिकायचं. मी शाळा लवकर सोडली, वाचायला शिकले ती लग्नानंतर, किराणा सामानाच्या पुड्यांचे कागद उलगडून. अर्ध्या गोष्टी वाचायच्या आणि उरलेल्या मनाने पुऱ्या करायच्या. जी बाई पुड्यांवर वाचायला शिकली तिला टाकी काय जड?

लायब्ररीत गेले. नळदुरुस्तीचं एक जाड पुस्तक आहे. लायब्ररीतली मुलगी म्हणाली, "मावशी, हे आजवर कुणी नेलंच नाही." म्हटलं, लोकांना कादंबऱ्या लागतात, म्हणून घरं गळतात.

६ मार्च

पुस्तक उत्तम. लेखक सुरुवातीला जरा पाल्हाळ लावतो, पण दुसऱ्या प्रकरणापासून पकड घेतो. "टाकीतून सतत पाणी वाहणे" हे प्रकरण एका बैठकीत वाचून काढलं. कारणं पुष्कळ दिली आहेत. पहिलंच कारण असं, की तळाशी एक रबरी झडप असते, ती उचलणारी साखळी फार लांब झाली तर तिचा लोंबता भाग झडपेखाली अडकतो, झडप नीट बसत नाही आणि पाणी वाहत राहतं.

आपल्याकडे साखळीच नाही. ते कारण खोडलं. पुढे सरकले.

दुसरं कारण, फ्लोट. म्हणजे पाण्यावर तरंगणारा फुगा. हेच असणार. फुगा मला पहिल्यापासून जरा तिरका वाटत होता.

७ मार्च

फुग्याची दांडी वाकवली. पुस्तकात "हलकेच" असं लिहिलंय. हलकेच वाकेना, म्हणून जरा जोर लावला. आता फुगा खूप खाली आहे. टाकी अर्धी भरते आणि तिथेच थांबते. आवाजही बंद! किती सोपं होतं!

फ्लश केला. अर्ध्या टाकीत काही जात नाही हे कळलं. बादली ओतली.

दुपारी सूं पुन्हा सुरू. म्हणजे फुग्याचा दोष नव्हता. पण एक कारण कमी झालं, हेही काम पुढे गेल्यासारखंच. फुगा परत वर केला. आता तो भिंतीला घासतो.

नाडीला हात लावला नाही. नाडीचा काही संबंध नाही.

८ मार्च

पुस्तकात एक प्रयोग आहे. टाकीत रंग टाकायचा आणि फ्लश न करता वाट पाहायची. कमोडमध्ये रंग उतरला तर झडप गळतेय. घरात रंग नव्हता. कपड्यांची नीळ होती. बाटलीच्या टोपणाने घालायची होती, पण बाटलीचं तोंड मोठं निघालं.

रंग लगेच उतरला. नुसता उतरला नाही, धावत आला. कमोड निळा, टाकी निळी, माझे हात निळे. निष्कर्ष: नीळ चांगल्या प्रतीची आहे.

झडप जराशी गळत असेलही. रबर आहे, गळणार. मीही गळते कधीकधी, म्हणून कुणी मला बदलत नाही.

संध्याकाळी लेकीने व्हिडिओ कॉल केला. "आई, तुझे हात बघू. निळे का झालेत? डॉक्टरकडे गेलीस का?" म्हटलं, चादरी धुतल्या. "एवढ्या चादरी? कोण आलं होतं?" म्हटलं, कुणी नाही, हौस. तिने डोळे बारीक करून हात पुन्हा पाहिले. मला वाटतं पटलं तिला.

१० मार्च

आमच्या खालच्या मजल्यावर एक भाऊजी राहतात. नात्याचे नव्हेत, पण ह्यांच्याबरोबर रोज बुद्धिबळ खेळायचे आणि रोज हरायचे, म्हणून भाऊजी. सकाळी जिन्यात भेटले. म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे रात्रंदिवस पाणी वाहतंय. तुमच्या मीटरचा काटा पंख्यासारखा फिरतोय. मी प्लंबर पाठवतो."

म्हटलं, मी स्वतः करतेय.

"म्हणजे?"

म्हटलं, पुस्तक आणलंय.

भाऊजी म्हणाले, "तो गेला, पण त्याचा रोग इथेच राहिला." आणि जिना उतरून गेले. मागून पाहिलं तर खांदे हलत होते. हसत असावेत.

एक कल्पना सुचली. एकदा हे जमलं की बिल्डिंगमधल्या बायकांना शिकवायचं. दर शनिवारी एक क्लास. फी नको. चहा मात्र ज्याचा त्याने आणावा.

१२ मार्च

भाऊजींनी न विचारता प्लंबर पाठवलाच. आला, झाकण उचललं आणि हसायला लागला. "काकू, ही नाडी कोणाची?" म्हटलं, टाकीची. अजून हसला. मग पक्कड घेऊन आत हात घालायला लागला.

मी त्याला थांबवलं. म्हटलं, आधी चहा घ्या. चहा दिला. मग म्हटलं, आज पाहुणे यायचेत, पुन्हा कधीतरी या. तो म्हणाला, "अहो काकू, एका मिनिटाचं..." म्हटलं, घाईचं काम बरं नसतं. त्याला दारापर्यंत पोहोचवलं.

माणूस कामाचा वाटला नाही. फार हसतो. शिवाय पक्कड गंजलेली होती. परक्या माणसाला असा आपल्या टाकीत हात घालू द्यायचा का, हाही प्रश्न आहेच.

पाहुणे कोणी यायचे नव्हते. पण ते त्याला कसं कळणार?

१३ मार्च

तिसरं कारण, पाण्याचा दाब. पुस्तक सांगतं, टाकीच्या खालचा कॉक थोडा फिरवून दाब कमी करून पाहा. कॉक बरीच वर्षं कुणी फिरवला नव्हता. घट्ट बसला होता. आधी तेल घातलं. मग कापड गुंडाळून फिरवला. मग वरवंट्याने एक अलगद ठोका मारला.

कॉक फिरला. आता तो दोन्ही बाजूंनी गळतो. प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वर रबर बँड लावले. तात्पुरतं.

हा शब्द लिहिला आणि हसू आलं. आमच्या घरात त्याच शब्दावर सगळं उभं आहे. पंख्याच्या बटणाला टेप, तात्पुरती. स्वयंपाकघराच्या दाराखाली चपलेचा तुकडा, तात्पुरता. हे ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून होते, पण मनातून इंजिनिअर. एक वस्तू त्यांनी कधी कायमची दुरुस्त केली नाही आणि एक कधी बंद पडू दिली नाही.

१४ मार्च

भाऊजी वर आले. डोक्यावर टॉवेल.

"वहिनी, आमच्या बाथरूममध्ये पाऊस लागलाय."

म्हटलं, हवा दमट आहे, भिंतीला घाम सुटतो. पुस्तकात आहे.

"घाम टपटप पडतो का? मी दाढी करायला उभा राहिलो तर टाळूवर थेंब. आता छत्री घेऊन दाढी करू?"

मग माझ्या टाकीकडे, पिशवीकडे, निळ्या कमोडकडे पाहिलं आणि म्हणाले, "जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं चाललंय तुमचं. मी सांगू काय झालंय ते?"

म्हटलं, नका सांगू.

त्यांनी सांगितलं नाही. झाकण उघडंच होतं. ते नाडीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "हरायला लागला की पट उधळायचा आणि म्हणायचा, डाव तात्पुरता थांबवू." आणि खाली गेले. हे कधी हरायला लागायचे ते मला माहीत नव्हतं. मला सांगायचे, रोज जिंकतो.

संध्याकाळी पिशवी बदलली. दोन पिशव्या. पाऊस थांबला असं भाऊजींनी खालून ओरडून सांगितलं.

१६ मार्च

आज टाकीकडे लक्ष दिलं नाही. विश्रांतीही कामाचा भाग आहे. पुस्तकातलं "कमोड तुंबणे" हे प्रकरण वाचलं. फार रंगतदार. लेखकाला हा विषय मनापासून आवडतो असं दिसतं.

आपल्याकडे तुंबत नाही. पण ज्ञान असावं.

१७ मार्च

तुंबला.

झालं असं. पाणी वाचवायला टाकीत पाण्याने भरलेली बाटली ठेवावी असं पुस्तकात आहे. म्हटलं, सूं चालूच आहे तर निदान बचत तरी होऊ दे. बाटली ठेवली. ती आडवी झाली, फ्लश दुबळा झाला आणि जे जायला हवं ते गेलं नाही. मग काल वाचलेलं प्रकरण कामी आलं. आदल्या दिवशी वाचावं आणि दुसऱ्या दिवशी घडावं, याला योग म्हणतात.

हार्डवेअरवाल्याकडे रबरी पंप आणायला गेले. दुकानदार म्हणाला, "काय करताय सध्या? काका होते तेव्हा दर आठवड्याला यायचे. काही घ्यायचे नाहीत, उभे राहून एकेक वस्तू हातात घेऊन बघायचे." मग म्हणाला, "फ्लशची साखळी त्यांनी मागच्या वर्षी सांगून ठेवली होती. तेव्हा आणली होती मी. मग आलेच नाहीत. असेल इथेच कुठेतरी. देऊ?"

म्हटलं, नको. पंप द्या.

पंप घेऊन घरी आले. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे पंप बसवून, दाबून, झटक्याने ओढायचा. झटक्याने ओढला. पंप आला, मी मागे गेले, टबाला डोकं लागलं. पण कमोड मोकळा झाला. मी विजयी. पाण्याबरोबर आणखी बरंच बाहेर आलं ते इथे लिहीत नाही, या वहीचाही मान ठेवायला हवा.

साखळी त्यांनी सांगून ठेवली होती, हे मला माहीत नव्हतं.

१८ मार्च

डोक्याला टेंगूळ. लेकीचा फोन आला तेव्हा ते दिसू नये म्हणून स्कार्फ बांधला. "आई, आता डोकं का बांधलंस?" म्हटलं, फॅशन. "कुणी सांगितली?" म्हटलं, टीव्हीवर. "नदीच्या कार्यक्रमात?" मुलगी फार लक्षात ठेवते. वडिलांवर गेली नाही.

२० मार्च

कमोडची सीट सैल झाली. मी चढून फुगा वाकवत होते तेव्हाच झाली असावी. खाली दोन बोल्ट आहेत. एक आवळला. दुसरा आवळताना सटकून कमोडच्या मागे गेला. आता सीट एका बोल्टवर आहे. मध्ये नीट बसलं तर हलत नाही. थोडं डावीकडे झालं तर घसरगुंडी. लेकीला सांगावं लागेल, मध्ये बस.

एकूण परिस्थिती लिहून काढते म्हणजे मन शांत होईल. सूं चालू आहे. कॉकला पिशव्या आहेत. फुगा भिंतीला घासतो. सीट हलते. कमोडला निळ्या रेषा आहेत. नाडी जागेवर आहे.

चांगली बाजू: आता मला सगळं समजतं.

२१ मार्च

पुस्तक परत करायची तारीख. वेळ वाढवून घेतली. लायब्ररीतली मुलगी म्हणाली, "जमतंय का मावशी?" म्हटलं, शेवटच्या टप्प्यात आहे. ती म्हणाली, "माझ्या घरचाही फ्लश चालत नाही, तुम्ही बघाल?" म्हटलं, शनिवारी क्लास सुरू करतेय. तिने नाव लिहून घ्यायला सांगितलं. पहिली विद्यार्थिनी!

२२ मार्च

उद्या लेक येणार. शेवटचा प्रयत्न म्हणून सबंध प्रकरण पुन्हा वाचलं. पहिलं कारण पुन्हा वाचलं. साखळीचं. तो लेखक एकच गोष्ट दोनदा लिहितो. पुढच्या पानावर पुन्हा म्हणतो, "दोरी वापरली असेल तर ती पाण्याने सैल होते व अधिकच अडकते." दोरी. नाडी म्हणत नाही.

पुस्तक मिटलं. घर पुसलं. टाकीवर फुलदाणी ठेवली म्हणजे तिचं लक्ष तिकडे जाईल. मग लक्षात आलं, थाप मारायची तर फुलदाणी पडेल. काढली. टाकीवर धूळ नव्हती, पण पुसली.

हे असते तर झाकण काढून आत पाहिलं असतं, "हं" म्हणाले असते, आणि अजून एक दोरी बांधली असती. आणि चाललं असतं.

२३ मार्च, सकाळ

लेक आली. एक छोटी बॅग खांद्याला, आणि चाकांची एक मोठी बॅग ओढत. मोठी बॅग हलकी होती. जिन्यावर तिने ती एका बोटाने उचलली. रिकामी. तिने ती ह्यांच्या कपाटाला टेकवून ठेवली.

घर पाहिलं तिने. पंखा, दार, गॅस. "छान ठेवलंयस," म्हणाली. "फक्त आवाज कसला?" म्हटलं, पाणी आहे. "टीव्ही बंद आहे आई." म्हटलं, हो.

मग म्हणाली, "जाऊन येते."

वही इथेच ठेवते. दाराबाहेर उभं राहायला हवं, तिला मध्ये बस म्हणून सांगायचं राहिलं.

२६ मार्च

दोन दिवस लिहायला झालं नाही. लेक आज सकाळी गेली. काय झालं ते आता लिहिते.

तेवीस तारखेला ती आत गेली. मी दाराबाहेर. आतून "आई गं!" असा आवाज आला, म्हणजे डावीकडे बसली होती. मग मी बाहेरून म्हटलं, "मध्ये बस! झालं की दांडी दाब! पाणी गेलं की जरा उचल! मग थाप!"

आतून हसू ऐकू आलं. "आई, तू बाबांसारखी ओरडतेयस!"

"थाप मार!" म्हटलं.

थाप ऐकू आली. मग दुसरी. पाणी वाहायचं थांबेना म्हणून तिने झाकण काढलं असणार, कारण दगडावर दगड घासल्यासारखा आवाज आला. मग "टप्" असं काहीतरी. आणि मग काहीच नाही. सूंसुद्धा नाही.

तीन आठवडे ज्याची वाट पाहिली, ते झालं. पाणी थांबलं. आणि घरात इतकी शांतता झाली की मला एकदम वाटलं, कुणीतरी आत्ताच उठून बाहेर गेलं.

तिने दार उघडलं. हातात नाडीचा तुकडा, निळा, ओला, सुजलेला. चेहरा लहानपणी काच फोडायची तेव्हा व्हायचा तसा.

"आई, बाबांची नाडी तुटली. मी नुसती सारली गं बाजूला. ती झडपेखाली अडकली होती. मी ओढली नाही."

म्हटलं, "तात्पुरतीच होती."

मग आम्ही दोघी तिथेच बसलो. मी सीटवर, मध्ये. ती बादली उलटी करून. तिने टाकीतला दुसरा तुकडाही काढला आणि दोन्ही मांडीवर ठेवले. तिची साडी निळी झाली, तिने पाहिलंही नाही.

"तुला माहीत होतं?" म्हणाली.

"काय?"

"ह्याच्यामुळेच पाणी वाहत होतं ते."

"पुस्तकात नव्हतं," म्हटलं.

"खरं सांग."

"साखळीचं होतं. नाडीचं नव्हतं."

ती कमोडकडे, पिशव्यांकडे, वाकड्या फुग्याकडे बघत राहिली. मग माझ्या टेंगळावर हात ठेवला. "मला वाटत होतं, तुला घर झेपत नाही."

"घर झेपतंय गं."

"मग काय झेपत नाही?"

म्हटलं, चहा ठेवते.

चहा घेताना मी म्हटलं, बोली झाली होती, घर जागेवर नाही, मी हरले, आण ती बॅग. कपाट उघडलं. पहिल्यांदा हाताला तो पट्ट्यापट्ट्यांचा पायजमाच लागला. कमरेला सेफ्टी पिन लावलेली होती. नाडी टाकीत गेल्यावर नवी ओवायचं ह्यांनी मनावर घेतलंच नाही, पिनेवरच चालवत राहिले शेवटपर्यंत. तीही तात्पुरती.

लेकीने पायजमा माझ्या हातातून घेतला, घडी घालून परत ठेवला आणि कपाट बंद केलं. म्हणाली, "साखळी लावता येईल तुला?"

म्हटलं, पुस्तक वाचलंय मी.

"मग तू लाव. मी हात लावणार नाही, खालच्या भाऊकाकांनाही लावू देणार नाही. तुला लावता आली तर बॅग रिकामी नेते."

चहा गार झाला.

शनिवारच्या क्लासबद्दल नंतर विचार करीन. बहुतेक नाही घेणार. त्या मुलीला सांगायचं तरी काय? झाकण उघड आणि आधी जे दिसतं तेच बघ, एवढंच. त्याला क्लास कशाला?

बॅग आज सकाळी रिकामी गेली. जाताना लेकीने ती जिन्यावरून एका बोटाने उचलली. खालच्या मजल्यावर भाऊजी छत्री घेऊन दारात उभे होते, उघडी छत्री, घरात. "पाऊस थांबलाय ना वहिनी?" म्हणाले. म्हटलं, थांबलाय. त्यांनी छत्री मिटली. मग म्हणाले, "पट अजून आहे माझ्याकडे. मांडू का कधी?" म्हटलं, मला खेळता येत नाही. "मग मी जिंकेन," म्हणाले.

हे सगळं आज. त्याआधी, म्हणजे नाडी तुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी हार्डवेअरवाल्याकडे गेले आणि ह्यांनी सांगून ठेवलेली साखळी घेऊन आले. चहाला आधण येईपर्यंत बसवून झाली. दांडी दाबली. पाणी गेलं, टाकी भरली, आपोआप थांबली. थाप लागली नाही. मग मी नाडीचे दोन तुकडे धुतले, गाठ मारून एक केले, दोरीवर वाळवले, आणि त्याच सेफ्टी पिनेने पायजम्यात ओवले.